भामाबाईंची नीळ आणि दक्षिण ध्रुव

"पृथ्वीच्या इतिहासात असे क्षण फार थोडे येतात, जेव्हा अखिल मानवजात श्वास रोखून एका वस्तीकडे पाहत असते!" असं शिवराजभाऊ म्हणाले, तेव्हा त्यांच्याकडे मी, उसाचा चरक आणि एक शेळी एवढेच पाहत होतो. भाऊंच्या मिशीला रसाचा फेस लागला होता. शेळीचा डोळा खरं तर त्यांच्या पायाखालच्या चिपाडावर होता.

शिवराजभाऊ आमच्या भावसिंगपुऱ्याकडच्या कॉलनीचे भावी नगरसेवक. महापालिकेची निवडणूक इतकी लांबत गेली, की 'भावी' हे आता त्यांचं पहिलं नाव वाटतं. भाषण मात्र त्यांनी कधी लांबणीवर टाकलं नाही. समोर तीन जण जमले की त्यांना सभा दिसते, आणि ते बोलायला लागले की त्या तिघांना घर आठवतं.

पण या वेळी मुद्दा त्यांच्या बाजूला होता. ज्या रसवंतीत आम्ही उभे होतो तिच्या मालकाची, कडुबाची मुलगी रूपा दक्षिण ध्रुवाकडे जायची होती. म्हणजे जाईल की नाही, हे चार दिवसांत ठरायचं होतं. जहाजावर जागा एकच उरली होती आणि नावं दोन होती. एक रूपाचं, दुसरं पुण्याच्या कुणा मुलाचं. पुण्याचं नाव निघाल्यावर कडुबाने चरक थांबवला.

"पण तिथं जाऊन करायचं काय, ते तर सांग," कडुबा म्हणाला.

"समुद्रावरचा बर्फ मोजायचा," रूपा म्हणाली. "म्हणजे त्याच्यावर ऊन पडतं ना, त्यातला किती उजेड तो परत पाठवतो, ते."

"परत पाठवतो? उजेड काय मनीऑर्डर हाय व्हय, पत्ता नाय सापडला की माघारी?"

रूपा हसली. एम.एस्सी.ला विद्यापीठात पहिली आलेली पोरगी, पण बापाला समजावताना तिने कधी फळ्यावरची भाषा वापरली नाही. "बाबा, पांढऱ्यावर उन्हाचं काही चालत नाही. शंभर वाटे ऊन पडलं तर ताजा बर्फ ऐंशी-पंच्याऐंशी वाटे माघारी धाडतो. म्हणून तो टिकतो आणि पृथ्वी गार राहते. पण तोच वितळून पाणी झालं, की ते काळं दिसतं आणि ऊन पिऊन टाकतं. मग ते तापतं, शेजारचा बर्फ वितळवतं, अजून पाणी, अजून ऊन..."

"म्हंजे एक लादी पाघळली की बाकीच्यांनाबी घेऊन जाती."

"तेच."

"मंग त्याच्यावर पोतं का नाय टाकत?" कडुबाने विचारलं. त्याच्या मते बर्फ उघडा ठेवणं हा निव्वळ निष्काळजीपणा होता, मग तो रसवंतीत असो की ध्रुवावर.

मी स्वतः पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला. धरणात पाणी किती, हे मोजण्यात माझी हयात गेली. ते आमच्या नळाला का येत नाही, हे मोजायचं यंत्र खात्याकडे नव्हतं. त्यामुळे मोजमाप म्हटलं की मला आदर वाटतो आणि शंकाही येते. पण रूपाचं यंत्र पाहून मी चाट पडलो. एका लांब दांडीच्या टोकाला लिंबाएवढे दोन काचेचे घुमट. एक आभाळाकडे तोंड करून, दुसरा जमिनीकडे. वरचा सांगतो उजेड आला किती, खालचा सांगतो परत गेला किती. हातातल्या छोट्या पडद्यावर हिशेब उमटतो, शंभरातले किती माघारी. दांडी मूळची घरच्या पडद्याची होती. तिला रूपाने काळा रंग दिला होता.

"काळा कशाला गं? अशुभ दिसतं," तिची आई, भामाबाई म्हणाल्या.

"चकाकली की यंत्राला फसवते, आई. यंत्राच्या आसपास उजळ काही नको."

हे वाक्य लक्षात ठेवा. आम्ही कुणीच ठेवलं नाही, खुद्द रूपानेही नाही.

निवडीची अट अशी, की उमेदवाराने यंत्र स्वतः जुळवायचं आणि ते चालतं हे दाखवून द्यायचं. गोव्याहून इंद्रजीतसर नावाचे तुकडीचे प्रमुख मोबाइलवर पाहणार. बर्फावर आकडा मोठा यायला हवा आणि बर्फ वितळून पाणी होईल तसा तो उतरायला हवा. वेळ ठरली दुपारी बाराची, सूर्य डोक्यावर असताना. दिवस मिळाला तो बुद्धपौर्णिमेचा, कारण सरांना त्यानंतर सवड नव्हती.

"चांगलाच दिवस हाय की," भामाबाई म्हणाल्या. "विहारात वंदना झाली की सगळे तसेच मैदानात येतील. कुणाला वेगळं बोलवायलाच नको."

"आई, कुणाला बोलवायचंच नाहीये."

"असं कसं? पोरगी ध्रुवावर चालली, आन् वस्तीला पत्ता नाय?"

झालं. दोन दिवसांत त्या परीक्षेचा कार्यक्रम झाला. शिवराजभाऊंनी फलक लावला. त्यावर रूपाचा फोटो पासपोर्टएवढा होता आणि भाऊंचा पासपोर्ट काढणाऱ्या ऑफिसएवढा. अध्यक्ष म्हणून ॲडव्होकेट पुंडलिकरावांना बोलावलं. पुंडलिकराव सज्जन माणूस. काळा कोट घालूनच ते बारशाला जातात, लग्नाला जातात, भाजी आणायलाही जातात. कोट काढला तर भाजीवाला भाव कमी करत नाही, असा त्यांचा अनुभव.

पौर्णिमेच्या दिवशी अकरा वाजता मी मैदानावर पोचलो आणि डोळे मिटून घेतले. भक्तीने नव्हे, दिपून. विहारातून वस्ती थेट आली होती. बाया पांढऱ्या साड्यांत, पुरुष पांढऱ्या सदऱ्यांत, पोरंटोरंसुद्धा पांढरीशुभ्र. जमिनीवर चारी बाजूंनी पांढऱ्या चादरी अंथरलेल्या, त्यावर माणसं दाटीवाटीने बसलेली. चादरी भामाबाईंनी स्वतः धुतल्या होत्या. भामाबाईंची नीळ आमच्या भागात प्रसिद्ध आहे. कापडाला किती नीळ द्यायची हे त्यांना कुठल्या दैवी मार्गाने कळतं देव जाणे, पण त्यांच्या दोरीवरच्या धुण्याकडे भर दुपारी नुसतं पाहिलं तरी डोळ्यांत पाणी येतं.

मधोमध काळी ताडपत्री पसरली होती. तो समुद्र. शहागंजच्या कारखान्यातून टेंपोने आलेल्या लाद्या फोडून त्यावर पसरल्या होत्या. तो ध्रुवावरचा बर्फ. आणि काठावर पांढरा सलवार-कमीज घालून, हातात काळी दांडी घेऊन रूपा उभी होती. तिला तिचा रोजचा करडा ड्रेस घालायचा होता. "पौर्णिमेला करडा?" एवढंच भामाबाई म्हणाल्या, आणि विषय संपला.

बारा वाजले. मोबाइल एका स्टुलावर रसाच्या जगला टेकवून उभा केला होता. त्यात इंद्रजीतसर आले. बारीक दाढी, थकलेला आवाज. मागे जमलेली सभा पाहून ते म्हणाले, "रूपा, तिथे काही लग्न वगैरे आहे का?"

"नाही सर, हे आमचे... शेजारी आहेत."

"जय भीम सर!" शेजारी एका सुरात म्हणाले. मोबाइल जगावरून घसरला. पुन्हा टेकवला.

"जय भीम, जय भीम. करा सुरू."

रूपाने दांडी बर्फावर धरली. पडद्यावर आकडा आला, त्र्याहत्तर. सर म्हणाले, "छान. जरा जास्तच आहे, पण छान." टाळ्या झाल्या. तेवढ्यात आकडा धाडकन वीसवर आला. पाहतो तर कडुबा बर्फावर पोतं अंथरत होता आणि त्यात खालचा घुमटही झाकला गेला होता.

"बाबा!"

"अगं, लई ऊन हाय! उघड्यावर बर्फ? बघवत नाय मला."

"बाबा, तो वितळायलाच पाहिजे."

कडुबाने पोतं काढलं, पण घडी करून छातीशी धरून ठेवलं. ज्याने सगळा जन्म बर्फ न वितळू देण्यात घालवला, त्याला पोरीची परीक्षा त्याच्या वितळण्यावर आहे हे पटायला जड जात होतं.

मे महिना आमच्या गावात स्वतःहून काम करतो. पाऊण तासात बर्फ पातळ झाला, मग त्याच्यात डबकी झाली, मग डबक्यांत बर्फ राहिला. मागच्या रांगेतून एक बाई हळूच बादली घेऊन आली. नळाला पाणी येऊन आठवडा झालेला. फुकटचं गार पाणी ताडपत्रीवर सडतंय हे तिला सहन होईना. तिला समजावून परत बसवलं. शेवटी ताडपत्रीवर निव्वळ पाणी उरलं, काळंशार.

आणि यंत्र म्हणत होतं, चौसष्ट.

रूपाने दांडी हलवली. त्रेसष्ट. काचा पुसल्या. पासष्ट. समोर पाणी दिसत होतं, पण यंत्राच्या मते बर्फ जवळजवळ जागच्या जागी होता.

"पाण्यावर चौसष्ट?" इंद्रजीतसरांनी चष्मा काढला. "रूपा, पाण्यावर दहा-पंधराच्या वर जाता कामा नये. तुझा खालचा घुमट बिघडलाय."

"सर, काल घरी बरोबर दाखवत होता."

"काल दाखवून काय उपयोग? तिथे बर्फावर दुरुस्तीचं दुकान नसतं." आवाज कठोर नव्हता, त्यामुळे जास्त लागला. "मला दीड वाजता निघायचंय. तोपर्यंत काही सापडलं तर बघ. नाहीतर... वाईट वाटून घेऊ नकोस. पुढच्या वर्षी."

रूपाच्या हातातली दांडी थोडी खाली आली. पोरगी रडली नाही. नुसती पाण्याकडे पाहत राहिली. भामाबाईंनी पदर तोंडाला लावला. कडुबा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "साहेब, तुम्ही तर पाणीच मोजलंय जन्मभर. सांगा की कायतरी." मी म्हणालो, "कडुबा, आमच्या खात्यात आकडा चुकला की आम्ही पाणी बदलायचो." ते त्याच्या उपयोगाचं नव्हतं.

अशा वेळी सभा सावरायला हवी, असं शिवराजभाऊंना वाटलं. ते उठले, माईक हातात घेतला आणि म्हणाले, "बंधू-भगिनींनो! अपयश ही यशाची..."

लोक उठले.

यात त्यांचा दोष नाही. वर्षानुवर्षांची सवय. भाऊ उठले की लोक उठतात. पहिल्या वाक्याला डावीकडच्या दोन रांगा खालच्या चादरी डोक्यावर ओढून रसवंतीच्या सावलीत गेल्या. दुसऱ्या वाक्याला बायका पोरांना पाणी पाजायला निघाल्या. "भूतकाळात डोकावलं असता" असं भाऊ म्हणाले, तेव्हा तरुण मंडळी भूतकाळातच जमा झाली.

"थांबा!" रूपा ओरडली.

भाऊ दचकून थांबले. त्यांच्या कारकिर्दीत त्यांना कुणी थांबा म्हटल्याचं नवल नव्हतं, पण रूपाचे डोळे पडद्यावर होते. "एकोणपन्नास," ती म्हणाली. "आकडा उतरलाय! भाऊ, बोला. बोलत राहा!"

हे शब्द भाऊंना आयुष्यात प्रथमच ऐकायला मिळत होते. ते गहिवरले. मग असे सुटले, की सिंधू संस्कृतीपासून नळयोजनेपर्यंत मध्ये श्वास नाही. मैदान भराभर रिकामं होत होतं, आणि रूपा मोठ्याने वाचत होती, "त्रेचाळीस... एकोणचाळीस..."

"समजलं!" ती म्हणाली. "सर, घुमट बिघडलेला नाहीये. तो पाण्याकडे बघतच नाहीये. तो आमच्याकडे बघतोय! खालचा घुमट सरळ खाली नाही, चहूकडचं बघतो. पाणी एवढंसं, आणि भोवताली सगळ्या पांढऱ्या चादरी, पांढऱ्या साड्या. आमचं पांढरं तो बर्फात मोजतोय."

सरांनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाले, "आसपास उजळ काही नको, हे मी पहिल्या पत्रातच लिहिलं होतं."

"हो सर. मी दांडी काळी केली. माणसं राहिली."

"काय झालं?" भामाबाईंनी मला विचारलं.

"तुमच्या निळीने घात केला," मी म्हणालो.

"माझ्या निळीनं?" भामाबाईंचा चेहरा पडला. मग त्यांनी पदर खोचला. "उचला गं चादरी!"

दहा मिनिटांत मैदान उघडं झालं. माणसं पार विहाराच्या भिंतीपर्यंत मागे हटली. पण आता दुसरी अडचण. नुसतं पाणी दाखवून भागणार नव्हतं. आधी बर्फ, मग पाणी, हा प्रवास पुन्हा दाखवायला हवा होता, आणि बर्फ संपला होता. शहागंजला जाऊन यायला वेळ नव्हता.

कडुबा रसवंतीत गेला. पौर्णिमेच्या संध्याकाळी गर्दी होते म्हणून त्याने पेटीत भुशात घालून बर्फ राखून ठेवला होता. सणाची सगळी कमाई त्या बर्फावर. तो पेटीसकट घेऊन आला, ताडपत्रीवर ओतला आणि सोट्याने स्वतः फोडला. चुरा करून पातळ पसरला, लवकर वितळावा म्हणून. मग दोन पावलं मागे झाला. पोतं हातातच होतं. बर्फावर ऊन पडलं, कडेने पाणी सुटलं, कडुबाचे हात दोनदा पुढे आले आणि दोनदा मागे गेले. तिसऱ्यांदा त्याने ते पोतं स्वतःच्या डोक्यावर घेतलं.

"अजून एक गोष्ट," सर म्हणाले. "रूपा, तू स्वतः पांढऱ्यात आहेस."

रूपाने स्वतःकडे पाहिलं. सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. अख्ख्या जमावात त्या दिवशी गडद रंगाचा एकच कपडा होता आणि तो अध्यक्षांच्या अंगात होता.

पुंडलिकराव उठले. ज्यांनी त्यांना कोटाशिवाय कधी पाहिलं नव्हतं त्यांनी आदराने मान वळवली. त्यांनी कोट काढून रूपाच्या खांद्यावर घातला. बाह्या तिच्या बोटांच्या खाली लोंबत होत्या. चाळीस अंशाच्या उन्हात काळा कोट घालून, दांडी समोर धरून ती उभी राहिली, जणू सूर्याची उलटतपासणी घ्यायला.

"अठ्ठावन्न," तिने वाचलं. "बर्फ." मग वीस मिनिटं कुणी बोललं नाही. शिवराजभाऊसुद्धा. "पन्नास. डबकी होतायत... छत्तीस... बावीस..." शेवटचा खडा पाण्यात बुडाला. "बारा."

"बारा!" विहाराच्या भिंतीपासून आवाज आला. आकड्याचा अर्थ कुणाला फारसा ठाऊक नव्हता, पण सूर ठाऊक होता.

सरांनी घड्याळ पाहिलं. दीड वाजून गेला होता. "पुण्याच्या उमेदवाराने पहिल्याच फेरीत सगळं बरोबर दाखवलं," ते म्हणाले. "पण तिथे यंत्र चुकतंच. चुकलं तर काय करतो, हे त्याचं मला अजून माहीत नाही. तुझं माहीत झालं. डिसेंबरात भेटू." मग थोडं थांबून, "जाता जाता त्या चादरीवर एकदा धर गं."

रूपाने घडी उलगडून दांडी धरली. "अठ्ठ्याहत्तर, सर."

"ताज्या बर्फाच्या दोन-चार पावलं मागे. कुणी धुतलीय?"

भामाबाई त्या दिवसापासून नीळ देताना ध्रुवाकडे तोंड करून उभ्या राहतात. दिशा चुकते, पण भावना बरोबर आहे.

गर्दी पांगली तेव्हा रूपा कोट काढायला लागली. पुंडलिकराव म्हणाले, "असू दे बेटा, तुझ्याकडेच राहू दे." आपल्याकडे हे वाक्य ज्या अर्थाने म्हणतात त्याच अर्थाने ते म्हणाले. उद्या सकाळी इस्त्री करून परत यावा, हा तो अर्थ. रूपा मात्र सरळ स्वभावाची. तिचे डोळे भरून आले. तिने वाकून नमस्कार केला आणि कोट घेऊन गेली.

त्यानंतर पुंडलिकराव ज्युनिअरचा कोट घालून कोर्टात जाताना दिसू लागले. त्याच्या बाह्या त्यांना कोपरापर्यंतच यायच्या. मागायचा कसा? पोरीला आशीर्वाद म्हणून दिलेली वस्तू. त्यांनी आयुष्यभर लोकांची कब्जा मिळवण्याची प्रकरणं चालवली, पण या प्रकरणात त्यांच्याकडे अर्जच नव्हता.

डिसेंबरात एका सकाळी रसवंतीतल्या फोनवर रूपा आली. थेट तळावरून, व्हिडिओवर. पाच मिनिटांत वस्ती गोळा झाली. तिने आदल्या दिवशीचा फोटो दाखवला. चारी दिशांना बर्फ, इतका पांढरा की भामाबाईसुद्धा "हं, बरा धुतलाय" म्हणाल्या. आणि त्या बर्फाच्या मधोमध, जाडजूड लाल सूटवर बटणं न लागलेला काळा कोट घालून, पडद्याची दांडी समोर धरून आमची रूपा.

"इथं एक्क्याऐंशी आला, बाबा!"

कडुबाने नुसतं विचारलं, "पाघळत तर नाय ना?"

"काठाकाठाने पाघळतोय, बाबा. तेच मोजतोय."

"मंग नीट मोज," तो म्हणाला, आणि चरकाकडे तोंड फिरवून ऊस नसताना चरक फिरवू लागला. शिवराजभाऊंनी घसा साफ केला. अखिल मानवजात वगैरे त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण त्यांच्याआधी गर्दीतून वाट काढत पुंडलिकराव पुढे आले. भाऊसुद्धा मागे सरले.

"रूपा बेटा," ते म्हणाले, "तू आपल्या वस्तीचं नाव पृथ्वीच्या टोकाला नेलंस."

"तुमच्यामुळे, काका."

"नाही, नाही." त्यांनी तोकड्या बाहीने डोळे पुसले, आणि मग फोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन हळू आवाजात म्हणाले, "तेवढा कोट आठवणीने परत आण. आणि आईकडे धुवायला देऊ नकोस."